शिरेवरचं जोतं

अंकुशने वरून पायाने ढेकूळ लोटलं. ते माझ्या खांद्यावर येऊन फुटलं. मी वर पाहिलं नाही, खुरपीने चराची भिंत तासत राहिलो.

"गोमाकाका, लागलं काय? मला वाटलं खाली कोन नाय. एवढ्या खोल मानूस मेल्यावरच जातो ना."

त्याच्याबरोबरचे दोघेतिघे हसले.

"अजून जागा हाय," मी म्हणालो. "तू पन ये."

हसू थांबलं. दुसरं ढेकूळ आलं, ते मोठं होतं, पण चुकलं. चराच्या दुसऱ्या टोकाला रुचिता भिंतीत खिळे ठोकत होती. तिने मान वर करून पुण्याच्या मराठीत विचारलं, "काही हवंय का तुम्हाला?"

"हवी ना. आमची जमीन हवी," अंकुश म्हणाला आणि गेला.

रुचिताने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "तू खिळे मार. त्याची कंपनीतली पाळी दोनची हाय, आता बोईसरला जाईल."

वांगडपाड्यात मला न ओळखणारं माणूस नाही. मनोरपासून आत चार कोसांत ज्या विहिरी आहेत त्यांतल्या अकरा माझ्या हातच्या. मी खाली खणायचो आणि माझा धाकटा भाऊ चिंतू वर रहाटाजवळ दोर धरायचा. मातीची पाटी त्या दोराने वर जायची आणि दिवस संपला की मीही त्याच दोराने वर यायचो. तीस वर्षं असं चाललं. पुढे यंत्रं आली, लोक बोअर मारू लागले आणि आमचा दोर आढ्याला गेला.

दिवाळीनंतर जमिनीचा अभ्यास करणाऱ्या विजयामॅडम आल्या. त्यांच्याबरोबर त्यांच्या हाताखाली शिकणारी ही रुचिता. दोघी ओढ्याकाठाने चालत, वाकून बघत, मध्येच थांबत. आमच्या शेतांतून उत्तर-दक्षिण एक पायरी गेलेली आहे. पूर्वेची जमीन वर, पश्चिमेची खाली, मध्ये गुडघाभर उतार. सगळे त्याला जुना बांध म्हणतात. कोणाच्या आज्याने घातला ते कोणाला ठाऊक नाही. ओढेसुद्धा त्या पायरीशी आले की सरळ उतरत नाहीत, आधी दहावीस पावलं बाजूला सरकतात आणि मग खाली येतात. मॅडम म्हणाल्या, "हा बांध कोणी घातलेला नाही, बाबा. जमीनच कधीतरी सरकली आहे. उत्तरेला डहाणू-तलासरीकडे इतकी वर्षं हादरे बसताहेत, म्हणून आम्ही या बाजूला अशा रेषा शोधतोय."

मग त्यांनी विचारलं, "या गावातल्या विहिरी कोणी खोदल्या?"

"मी," म्हणालो.

मॅडम तिथेच बांधावर बसल्या आणि वही काढली. कुठल्या विहिरीला किती हातांवर पाणी, आधी काय लागलं, काळी माती किती, मुरूम किती, गोटे किती. आजवर मला कोणी असं विचारलं नव्हतं. मला सगळं पाठ होतं. पायरीच्या वरच्या अंगाला पंधरा हातांवर पाणी. तिथून दहा पावलं खाली जा, चाळीस हात खणा, नुसता दगडाचा भुगा. खालच्या अंगाला मी दोनच विहिरी खणल्या, दोन्ही कोरड्या. आम्ही तिला शीर म्हणायचो. देवाने दिलेली पाण्याची शीर, एवढंच मला वाटायचं.

मॅडम म्हणाल्या की आत खडक पिठासारखा चुरडला गेला आहे. ते पीठ भिंतीसारखं उभं आहे, म्हणून डोंगराकडून येणारं पाणी तिथे अडतं. आणि खडक चुरडला तो जमीन हलली म्हणून.

मी त्यांना हो म्हणालो. पण घरी आल्यावर जेवण गेलं नाही. कारण पाडा पूर्वी इथे नव्हता. वर मेरेवर, टेकाडावरच्या उंच जागी होता, माझ्या आताच्या घराच्याही पलीकडे. मी पहिली विहीर शिरेवर लावली, तिच्या शेजारी दोन घरं उतरली. दुसरी लावली, चार उतरली. आता साठ घरं आहेत, एका ओळीत, सुतळी धरल्यासारखी. बाहेरून येणारे म्हणतात, तुमचा पाडा किती सरळ बसवलाय. तो सरळपणा माझा होता.

मॅडमना पायरी कापून आडवा चर हवा होता, वीस पावलं लांब आणि माणसाच्या उंचीहून हातभर जास्त खोल. भिंतीतले थर मोजायचे, तुटले कुठे ते बघायचं, जुना कोळसा सापडला तर तपासायला पाठवायचा. जागा माझ्या वाट्याच्या शेतातली होती. मी होकार दिला आणि पाडा माझ्यावर उलटला.

अंकुशचं म्हणणं खोटं नव्हतं. पहिली मोजणी झाली तेव्हा चुना टाकला, खुंट्या मारल्या आणि वर्षाने विजेचे मनोरे आले. दुसरी झाली तेव्हा रस्ता आला आणि काजूची झाडं गेली. बैठकीत तो म्हणाला, "आता तिसरे आलेत. हे बोलतील जागा धोक्याची हाय. एकदा कागदावर धोका आला का आपल्याला उठवतील. मंग ती जागा धोक्याची नाय रानार, कोना मोठ्याच्या कामाची रानार." सगळ्यांनी माना हलवल्या. त्या दिवसापासून ताडी वाटताना माझा पेला वगळला जाऊ लागला. पाड्यातला एकही माणूस चरावर कामाला आला नाही, मजूर मनोरच्या नाक्यावरून आणावे लागले. विहिरीवर मी गेलो की बाया कळशा उचलून बाजूला होत. ती विहीरही मीच खणलेली.

एवढं मी चालवून घेतलं असतं. पण चिंतूचं जोतं होतं.

चिंतूला घरकुल मंजूर झालं होतं. माघात त्याने चरापासून तीस पावलांवर काळ्या दगडाचं जोतं उभं केलं होतं. वर विटांच्या भिंती आणि स्लॅब येणार होता. त्याचा मुलगा आणि सून दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, दोन नातवंडं आजाआजीजवळ राहतात. कुडाचं घर पडलं तर माणूस माती झटकून उठतो. स्लॅबखालून कोणी उठत नाही. चराच्या तळाशी गोट्यांचा थर अचानक तुटून हातभर खाली गेलेला मी डोळ्यांनी पाहिला होता. तो तुटला त्या रेषेवर चिंतूचं जोतं येतं हे कळायला मला मोजपट्टी लागली नाही.

मी त्याच्याकडे गेलो. तो सुतळी धरून कोपरा बघत होता. त्याची बायको नवसी दगडांच्या ढिगावर बसली होती.

"चिंतू, हे जोतं इथून काढ. वर मेरेवर घे."

"कशाला?"

"खाली शीर हाय."

"शीर हाय म्हनूनच हितं घेतलं ना, दादा. गेल्या पावसाळ्यात तूच जागा दाखवलीस. पानी जवळ, नवसीला चालायला नको. तूच बोल्लास."

"बोल्लो. तवा मला ठाव नव्हतं."

"मंग आता कोनी सांगितलं? त्या पोरीनं? वय काय तिचं?"

"पोरीनं नाय. मी बगितलं."

नवसी बसल्या जागेवरून म्हणाली, "दादा, ग्रामसेवकानं जोत्याचा फोटू काढला मोबाईलवर. त्यात जागा पन येते, इकडंतिकडं नाय करता येत. जोतं हललं का नाव गेलं. मंग पुढच्या यादीत कवा येऊ? मेल्यावर?"

"मी येतो ग्रामसेवकाकडं. बोलतो."

"तुमी लांब लांब जाता," ती म्हणाली. "आधी पाड्यात तरी या."

चिंतू हसला नाही. त्याने सुतळी ताणली आणि मला पाठ केली.

दुसऱ्या आठवड्यात मॅडमनी सांगितलं, शुक्रवारी दुपारी दिल्लीचे दोन साहेब चर बघायला येतील. एकच दिवस आहेत, संध्याकाळी परत जातील. त्यांनी पाहून मान्य केलं तरच इथली रेषा नकाशावर येणार, नाहीतर तीन महिन्यांचं काम वाया. मॅडम त्यांना आणायला पालघर स्टेशनवर जाणार होत्या. रुचिताने भिंती चाकूने घासून स्वच्छ केल्या होत्या. हात-हातभर अंतरावर खिळे, त्यांना बांधलेली सुतळी, चौकोन चौकोन पाडलेले. प्रत्येक चौकोनाचं चित्र तिने कागदावर काढलं होतं.

शुक्रवारी सकाळी तिला त्या दोन कोरड्या विहिरींची जागा नोंदवायची होती. मी तिला घेऊन सातला निघालो. नाक्यावरचे मजूर आठला येतात, ते चरावर बसतील असा हिशोब होता. मजूर आलेच नाहीत. फाट्यावरच अंकुशने त्यांची रिक्षा परत फिरवली होती. हे आम्हाला दहाला परत आल्यावर कळलं.

चराच्या दोन्ही भिंती सारवलेल्या होत्या.

या टोकापासून त्या टोकापर्यंत, वरपासून तळापर्यंत, शेणामातीने, बोटांच्या कमानी एकसारख्या उमटलेल्या. लग्नघर सारवतात तशा. एक चौकोन दिसत नव्हता. खिळे उपटून पळसाच्या पानावर ओळीने ठेवले होते, शेजारी सुतळीचा गुंडा. काही चोरलं नव्हतं.

वर काठावर नवसी आणि पाचसहा बाया बसल्या होत्या. कोपरापर्यंत हात शेणाचे. मागे अंकुश आणि बाकीचा पाडा उभा. चिंतूही होता, जरा लांब.

"मोठे सायेब येनार ना," नवसी म्हणाली. "उघड्यानागड्या मातीसमोर कसं बसवायचं त्यांना? आमच्याकडं पावना येनार असला का सारवतात. रीत हाय."

"चित्रं काढायची रायली तेवढी," दुसरी म्हणाली. "तांदूळ कोन देनार?"

"मॅडमला बोला, आनतील दिल्लीवरून."

सगळे हसले. अंकुश मोबाईलवर चित्रण करत होता.

रुचिताने चाकू घेतला आणि चरात उडी मारली. मी तिच्यामागे उतरून तिचं मनगट धरलं.

"थांब."

"सोडा मला! साडेबाराला येतील ते!"

"ओलं तासलंस तर शेन आतल्या मातीत भरंल. मंग थर कुठला नि सारवन कुठलं, ब्रह्मदेवाला कळनार नाय. वाळू दे. वाळलं का पापडासारखं सुटतं."

तिने मनगट सोडवून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, हे करणार आहेत ते तुम्हाला माहीत होतं का? म्हणून मला तिकडे नेलंत?"

"विहिरी बगायच्या तू बोललीस."

"माहीत होतं का?"

"नाय."

तिने विश्वास ठेवला की नाही मला कळलं नाही. ती वर गेली, कोळशाच्या पुड्यांची पेटी झाडाखालून उचलली आणि आपल्या खोलीवर नेऊन कुलपात ठेवली. तीन महिने ती पेटी माझ्या भरवशावर उघड्यावर राहिली होती.

मी चरात उतरायच्या पायऱ्यांवर बसून राहिलो. वर पाडा बसला होता. कोणी घरी जाईना. तमाशा बघायचा होता त्यांना. मधूनमधून टोमणे येत होते.

"काका, तुजं बी तोंड सारवून देऊ काय?"

"नको, त्याच्यावर शेन टिकनार नाय," मी म्हणालो.

एकाला मी उत्तर दिलं, बाकीचे सोडले. चैत्राचं ऊन होतं. अकरा वाजता ते चराच्या काठावरून आत घुसलं, बारापर्यंत तळाला पोचलं. सारवण वाळू लागलं.

जीप वेळेवर आली. दोन्ही साहेब टोप्या घालून उतरले. चराच्या काठावर येऊन एकाने विचारलं, "ये क्या है? ये किसने किया?" मॅडमनी खाली पाहिलं. मग माझ्याजवळ येऊन, कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "बाबा, राखण तुमच्याकडे दिली होती."

मी पायऱ्यांवरून उठून तळाशी उतरलो.

तेवढ्यात वरचं हसणं-खिदळणं बंद झालं. एकदम नाही, एकेक करून. मी वर पाहिलं तर सगळ्यांत आधी गप्प झाली होती नवसी. ती समोरच्या भिंतीकडे टक लावून बघत होती. मीही वळून बघितलं.

पश्चिमेकडचं सारवण वाळून फिकट झालं होतं, त्याला बारीक भेगा पडू लागल्या होत्या. पूर्वेकडचं अजून ओलं होतं, हिरवट काळं. आणि दोन्हींच्या मध्ये कड होती. तळातून निघून जराशी तिरकी होत छातीपर्यंत आलेली, चाकूने कापल्यासारखी. छातीच्या वर, काळ्या मातीच्या थरावर मात्र दोन्हीकडे सारखंच वाळलं होतं.

मी मागच्या भिंतीकडे वळलो. तिथेही तशीच कड.

अडलेलं पाणी भिंतीतून आतल्या आत पाझरत होतं. उघड्या मातीत ते डोळ्याला कळत नव्हतं. सारवणाने ते धरून दाखवलं.

रुचिता धावत आली आणि कॅमेरा काढला. दिल्लीचा साहेब तळाशी उतरून गुडघ्यावर बसला. मॅडमनी कडेवर बोट ठेवलं, छातीपर्यंत नेलं आणि थांबवलं. "वरचा थर तुटलेला नाही," त्या साहेबांना सांगत होत्या. "म्हणजे हा थर बसल्यानंतर जमीन हललेली नाही." मग त्यांनी कड जिथे होती तिथलं वाळलेलं सारवण नखाने उचकलं. ते पापडासारखं सुटलं. खाली गोट्यांचा थर होता, तुटलेला.

मी पळसाच्या पानावरून सुतळीचा गुंडा घेतला. एक टोक एका भिंतीच्या कडेशी खिळ्याने बसवलं, दुसरं समोरच्या भिंतीच्या कडेशी. मग गुंडा घेऊन दक्षिणेच्या काठावर चढलो आणि त्याच रोखाने सुतळी सोडत चालू लागलो. कोणी मला अडवलं नाही. लोक बाजूला सरकत होते. तीस पावलांवर मी थांबलो. सुतळी चिंतूच्या जोत्याच्या मधोमध पडली. तिच्या पुढे विहीर, विहिरीच्या पुढे घरांची ओळ.

तेव्हा पाड्याने पहिल्यांदा आपला पाडा बघितला.

अंकुशने मोबाईल खाली केला. मॅडमना विचारलं, "कवा हलनार?"

"ते कोणालाच सांगता येत नाही," मॅडम म्हणाल्या. "गेल्या काही हजार वर्षांत दोनदा हलली असावी. कोळसा तपासल्यावर नक्की कळेल."

"हजार वर्सं? मंग अजून हजार रानार! आमी तवर निघून जाऊ!" मागून एक जण ओरडला.

दोघे हसले, पण जीव नव्हता त्यात.

"राहीलही," मॅडम म्हणाल्या. "पण पक्कं घर या रेषेवर बांधू नये, एवढं मी सांगू शकते. बाजूला घ्या. तुम्हाला उठवा असं मी कुठेही लिहिणार नाही."

"तुमी नाय लिहिनार. तुमचं वाचून दुसरा लिहिनार," अंकुश म्हणाला.

मॅडमनी हातातली वही मिटली.

काठावरच्या एका बाईने नवसीला हळूच म्हटलं, "नवसे, तिकडं तुजं शेन पातळ झालं असंल. म्हनून वाळलं नाय."

नवसी उसळून उठली. "माजं? सात पाड्यांतून लग्नाला मला नेतात सारवायला! एका घमेल्यातलं हाय, एका हातानं हाय. माजा हात नाय चुकला."

बोलल्यावर ती थबकली. मग चरात उतरली. साहेब बाजूला झाले. तिने ओल्या बाजूवर तळवा ठेवला, मग कोरड्यावर, मग परत ओल्यावर, आणि बराच वेळ तिथेच ठेवला. हात लुगड्याला पुसला, वर आली आणि कोणाशी न बोलता घराकडे गेली.

अंकुश माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "काका, ह्या सगळ्या विहिरी तुज्या."

"माज्या."

"विहिरीमागं घरं आली."

"आली."

"म्हंजे पाडा हितं बसवला तो तूच."

"हो," मी म्हणालो. "मीच बसवला."

मला वाटलं तो मारेल. त्याने मारलं नाही. पायाशी थुंकला आणि वळला.

चिंतू जोत्यावर उभा होता. माझी सुतळी त्याच्या दोन पायांमधून गेली होती. त्याने ती उचलली, बोटाला गुंडाळली आणि दाताने तोडली.

"तीस वर्सं तुजा दोर मी धरला, दादा," तो म्हणाला. "पावसात, तापात. एकदा तरी हात सोडला?"

"नाय."

"आन तू पाड्यादेखत सोडलास."

मी म्हणालो, "चिंतू, पोरं झोपनार तिथं."

"पोरं माजी हायत," तो म्हणाला.

संध्याकाळी साहेब गेले. जाताना मॅडमनी माझे हात हातात घेतले. रुचिता जीपमध्ये बसली, मग परत उतरली आणि म्हणाली, "बाबा, सकाळी मी जे विचारलं..." मी तिला सांगितलं, "जा. गाडी थांबलीय." चर पुढच्या आठवड्यात बुजवून घेतला. लोक माझ्याशी बोलत नव्हते ते बोललेच नाहीत.

चर बुजवल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दगडावर पहार आपटल्याचा आवाज आला. मी बाहेर आलो. चिंतू जोतं उकलत होता. नवसी सुटलेले दगड एकावर एक रचत होती. दोन नातवंडं बाजूला बसून भाकरी खात होती. ग्रामसेवकाने नवा फोटो काढायचं कबूल केलं होतं की यादीतलं नाव गेलं होतं, ते मला कोणी सांगितलं नाही. मी विचारूही शकत नव्हतो.

नवसीने चुंबळ डोक्यावर ठेवली, चिंतूने तिच्यावर दगड चढवला आणि ती मेरेच्या दिशेने निघाली. माझ्या घराच्या पलीकडे, जुन्या पाड्याच्या जागेकडे. तिथे पाण्याचा थेंब नाही. घर झाल्यावर तिला कळशी घेऊन दिवसातून चारदा ती चढण चढावी लागणार होती.

मी खाली गेलो. रचलेल्या दगडांतला एक उचलून खांद्यावर घेतला. मोठा होता, पण मला अजून झेपतो. नवसी रिकामी परत येत होती. ती माझ्यासमोर थांबली.

"ठेवा खाली," ती म्हणाली.

"वर टाकतो. तेवढीच एक फेरी वाचंल तुजी."

"दादा, ठेवा खाली."

मी चिंतूकडे बघितलं. तो पहार मारत होता. माझ्याकडे त्याने मान वळवली नाही. मी दगड होता तिथे ठेवला.

घरी आलो. मेरेवर जायची जवळची वाट माझ्या अंगणातून जाते. मध्ये कारवीचा कूड घातलेला आहे म्हणून लोकांना टेकाडाला वळसा घालावा लागतो. मी कोयता घेतला, कुडाचे बंध तोडले आणि दोन माणसं दगड घेऊन जातील एवढी जागा मोकळी केली. समोरच्या बाजूचीही केली. अंगणातली खाट, पाट्या, कुऱ्हाड, सगळं वाटेतून उचललं आणि ओट्यावर बसलो.

ती दोघं दगड घेऊन आली. मोकळ्या केलेल्या जागेपाशी चिंतू थांबला नाही. नवसी थांबली. डोक्यावर जोत्याचा कोपऱ्याचा दगड होता, मान ताठ धरावी लागत होती, घाम डोळ्यांत उतरत होता. तिने डोळे फिरवून आतली वाट बघितली, पलीकडची उघडी बाजू बघितली. मग चिंतूच्या मागे वळशाने गेली.

दुपारपर्यंत त्यांनी सगळे दगड नेले. मी उचलून परत ठेवलेला दगड शेवटी नेला, तोही वळशाने.

आता वर भिंती उभ्या राहिल्यात. रोज सकाळी नवसी कळशी घेऊन उतरते आणि चढते, लांबूनच. गेल्या आठवड्यात उघड्या कुडातून बकऱ्या आत आल्या आणि वालाचे वेल खाऊन गेल्या. शेजारचा म्हातारा, तेवढा एकच माझ्याशी बोलतो, म्हणाला, "गोमा, कूड बांध की."

बांधेन म्हणालो. अजून बांधलेला नाही.